लहान नौकेचा कप्तान कसा घडतो?

वसई आणि भाईंदर यांना खाडीमार्गे जोडणारी रो-रो सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. एप्रिल २०२५ मध्ये विरार आणि सफाळे यांच्या दरम्यानही तशीच सेवा सुरू झाली. मोटारी, दुचाकी आणि माणसे एकाच वेळी पैलतीरी नेणाऱ्या या नौका पाहताना किनाऱ्यावरच्या तरुणांच्या मनात एक रास्त प्रश्न येतो. आपले वाडवडील पिढ्यान्‌पिढ्या याच पाण्यावर होड्या हाकारत आले, मग अशा नौकेचे सुकाणू आपल्या हाती का असू नये?

असायला काहीच हरकत नाही. मात्र त्यासाठी एक प्रमाणपत्र लागते, आणि त्या प्रमाणपत्राच्या मागे एक शिक्षण असते. वीस वर्षे तांडेल म्हणून समुद्रावर गेलेला माणूससुद्धा प्रमाणपत्रावाचून प्रवासी लाँचचा कप्तान होऊ शकत नाही. हे ऐकून आपल्यातील काहींना राग येतो. ‘आम्हांला समुद्र शिकवणारे हे कोण?’ असे शब्द आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकले आहेत. त्या रागामागची वेदना आम्ही समजू शकतो. तरीही हे शिक्षण नेमके काय असते, ते कोठे मिळते आणि आपल्या अनुभवाचे त्यात काय स्थान आहे, हे शांतपणे समजून घेणे आपल्या तरुणांच्या हिताचे आहे. म्हणूनच हा लेखप्रपंच.

नौका कोणती, त्यावर कायदा ठरतो

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. पाण्यावर चालणाऱ्या सर्व नौकांना एकच कायदा लागू होत नाही.

नद्या, खाड्या आणि शासनाने ठरवून दिलेल्या हद्दीतील बंदरांचे पाणी यांत चालणाऱ्या यांत्रिक नौका ‘अंतर्देशीय नौका’ या सदरात मोडतात. प्रवासी लाँच, फेरीबोटी, रेतीचे आणि मालाचे बार्ज यांचा त्यांत समावेश होतो. या नौकांसाठी १९१७ सालचा, म्हणजे ब्रिटिश अमदानीतील कायदा शंभर वर्षांहून अधिक काळ लागू होता. त्याची जागा आता २०२१ च्या अंतर्देशीय नौका कायद्याने घेतली आहे. पूर्वी प्रत्येक राज्याचे नियम निरनिराळे असत. ते देशभर एकसारखे व्हावेत हा नव्या कायद्याचा हेतू आहे. आपल्या राज्यात हे काम १९९६ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र सागरी मंडळ पाहते.

खुल्या समुद्रात माल व प्रवासी नेणाऱ्या जहाजांवर केंद्र सरकारच्या नौवहन महासंचालनालयाची देखरेख असते. १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्याच्या जागी संसदेने २०२५ मध्ये नवा कायदा संमत केला आहे. मासेमारी नौकांची वाट तिसरी. त्यांची नोंदणी, परवाने आणि प्रशिक्षण यांत राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचा मोठा वाटा असतो.

तरुणाने आधी हे ठरवावे की आपल्याला यांपैकी कोणत्या पाण्यावर काम करायचे आहे. एका वाटेवरचे प्रमाणपत्र दुसऱ्या वाटेवर जसेच्या तसे चालत नाही. चुकीच्या अभ्यासक्रमासाठी पैसे भरून नंतर पस्तावण्याची वेळ बहुधा या एका गोष्टीच्या अज्ञानामुळे येते.

खलाशापासून मास्टरपर्यंत

अंतर्देशीय नौकेवर कोणीही एकदम कप्तान होत नाही. प्रारंभ खलाशी म्हणून होतो. दोर बांधणे व सोडणे, नांगर टाकणे, धक्क्याला नौका लावताना मदत करणे, प्रवाशांना सांभाळून चढवणे-उतरवणे ही कामे करीत उमेदवार सुकाणूजवळ पोहोचतो. ठरावीक काळ अशी सेवा झाली, की परीक्षेला बसता येते. जुन्या व्यवस्थेत पहिली पायरी ‘सारंग’ या नावाने ओळखली जाई. तिच्यावर द्वितीय श्रेणीचा मास्टर आणि सर्वांत वर प्रथम श्रेणीचा मास्टर. नव्या नियमांत नावे बदलली तरी शिडीची रचना तशीच आहे. पायरी जितकी वरची, तितकी मोठी नौका आणि तितकी मोठी जबाबदारी. इंजिन सांभाळणाऱ्यांची शिडी स्वतंत्र असते. यंत्राची आवड असलेल्या मुलाने त्या वाटेचाही अवश्य विचार करावा.

परीक्षेपूर्वी वैद्यकीय तपासणी होते, आणि तिच्यात दृष्टीला फार महत्त्व असते. दूरचे दिसणे पुरेसे नाही. लाल आणि हिरवा हे रंग अचूक ओळखता आले पाहिजेत. काही पुरुषांना जन्मतः हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत आणि तरुणपणापर्यंत त्यांना त्याचा पत्ताही नसतो. आमची सूचना अशी, की अभ्यासक्रमाचे शुल्क भरण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञाकडून रंगदृष्टीची तपासणी करून घ्यावी. खर्च थोडा येतो आणि पुढची निराशा टळते.

यानंतर येतात सुरक्षेचे प्राथमिक अभ्यासक्रम: पाण्यात जीव वाचवण्याची तंत्रे, आग विझवणे, प्रथमोपचार. मग लेखी व तोंडी परीक्षा. तोंडी परीक्षेत परीक्षक प्रसंग सांगतो आणि विचारतो, ‘आता तू काय करशील?’ इथे पाठांतर उपयोगी पडत नाही.

पाण्यावरचे रस्त्याचे नियम

अभ्यासातील सर्वांत महत्त्वाचा विषय म्हणजे टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम. हे नियम १९७२ मध्ये तयार झाले आणि १९७७ पासून जगभर लागू आहेत. मोठ्या तेलवाहू जहाजापासून लहान लाँचपर्यंत सर्वांना ते बांधील आहेत.

रात्री प्रत्येक यांत्रिक नौकेच्या डाव्या अंगाला लाल आणि उजव्या अंगाला हिरवा दिवा असतो. समोर पांढऱ्या दिव्याखाली लाल व हिरवा असे दोन्ही दिवे एकदम दिसले, तर ती नौका सरळ आपल्याच रोखाने येत आहे. अशा वेळी दोन्ही नौकांनी उजवीकडे वळायचे असते. आपल्या उजव्या हाताला नुसता लाल दिवा दिसला, तर ती नौका आपला मार्ग उजवीकडून डावीकडे छेदत आहे; तेव्हा वाट देण्याची जबाबदारी आपली. डाव्या हाताला हिरवा दिसला, तर वाट त्या नौकेने द्यायची; आपण आपली दिशा व वेग कायम ठेवायचा, पण नजर मात्र तिच्यावरून हलवायची नाही. एक छोटा भोंगा म्हणजे ‘मी उजवीकडे वळतो’, दोन म्हणजे ‘डावीकडे’, तीन म्हणजे ‘माझे इंजिन उलटे चालू आहे’. पाच किंवा अधिक भोंगे म्हणजे ‘तुमचा इरादा मला समजत नाही’. अपघात टाळणारा सर्वांत मोलाचा संदेश कदाचित हाच असेल.

मासेमारी करणाऱ्या नौकेचे दिवे वेगळे असतात. ट्रॉलर जाळे ओढीत असेल तर वर हिरवा आणि खाली पांढरा; इतर प्रकारची मासेमारी चालू असेल तर वर लाल आणि खाली पांढरा. हे दिवे चारही बाजूंनी दिसले पाहिजेत. ते दिसले की इतर यांत्रिक नौकांनी बाजूला व्हायचे असते. आपल्या काही बोटींवर हौसेने रंगीबेरंगी दिव्यांच्या माळा लावतात. दुरून येणाऱ्या जहाजाच्या अधिकाऱ्याला त्या झगमगाटात खरा दिवा सापडत नाही, आणि नियमाने मिळालेले संरक्षण आपण आपल्याच हाताने घालवून बसतो.

आणखी एक नियम मुंबई बंदराच्या परिसरात फिरणाऱ्यांनी विसरू नये. अरुंद जलमार्गात वीस मीटरपेक्षा कमी लांबीच्या नौकेने, त्या मार्गाबाहेर जाऊच न शकणाऱ्या मोठ्या जहाजाला अडथळा करायचा नसतो. भरलेल्या जहाजाला थांबायला दोन-तीन किलोमीटर अंतर लागू शकते. लहान नौका थोड्या अंतरात थांबते आणि वळते. म्हणून शहाणपण तिने दाखवायचे.

भरतीचे गणित : आजोबांचे आणि नकाशाचे

आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना भरतीची वेळ काढायला पुस्तक लागत नसे. तिथीची पाऊणपट केली की वेळ मिळे. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे साधारण सहाच्या सुमारास भरती. दशमीला साडेसात. या हिशेबामागे शास्त्र आहे. चंद्र रोज आकाशात सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो आणि भरतीही त्याच्याबरोबर रोज तितकीच पुढे सरकते. पाऊण तासाचा हिशेब त्याच्या अगदी जवळ जातो. अमावास्या व पौर्णिमेच्या आसपास उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग, हेही आपल्या मुलांना घरातच कळते.

प्रशिक्षणात याच ज्ञानाला मापाची जोड मिळते. नौकानयनाच्या नकाशावर ठिकठिकाणी खोलीचे आकडे छापलेले असतात. हे आकडे ओहोटीची जवळपास खालची पातळी धरून मोजलेले असतात. भरतीच्या तक्त्यात त्या पातळीच्या वर पाणी किती चढेल ते दिलेले असते. दोहोंची बेरीज म्हणजे त्या क्षणाची खोली. समजा, नकाशावर एका वाळूच्या दांड्यावर एक मीटर खोली दाखवली आहे आणि तक्त्याप्रमाणे त्या वेळी पाण्याची उंची दीड मीटर आहे. म्हणजे तेथे अडीच मीटर पाणी आहे. नौका पाण्याखाली दोन मीटर बुडत असेल, तर तळाखाली उरले फक्त अर्धा मीटर. लाट असेल तर ते अर्धा मीटरही उरत नाही. मोठ्या उधाणाला आपल्याकडे पाणी जवळपास पाच मीटरपर्यंत चढते. म्हणून सकाळी सहज ओलांडलेला दांडा दुपारी नौकेला अडवून धरू शकतो.

पाऊणपटीचा हिशेब वेळ सांगतो, तक्ता उंचीही सांगतो. ज्याला दोन्ही येते त्याची बरोबरी नुसत्या पुस्तकी उमेदवाराला करता येणार नाही. आपल्या मुलांना या शिक्षणात कमीपणा वाटण्याचे कारण नाही, असे आम्ही म्हणतो ते याचमुळे.

नौका उलटते कशी?

नौकेचे स्थैर्य हा प्रवासी नौकेच्या कप्तानासाठी कळीचा विषय आहे. नौकेचे आणि तिच्यावरील सर्व वस्तूंचे वजन एका बिंदूतून खाली खेचते; पाणी दुसऱ्या बिंदूतून तिला वर उचलते. नौका एका बाजूला कलली की पाण्याचा आधार त्या बाजूला सरकतो आणि तिला पुन्हा सरळ करतो. परंतु वजन जितके उंच चढेल, तितकी ही सरळ करणारी शक्ती क्षीण होते. म्हणून वरच्या मजल्यावर माणसांची गर्दी होऊ देणे घातक. काहीतरी पाहण्यासाठी सर्व प्रवासी एकाच कठड्याकडे धावले तर धोका आणखी वाढतो.

दुसरा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. तळाशी साचलेले पाणी नौका कलली की त्याच बाजूला धावते आणि तिला आणखी कलवते. उंची थोडी असली तरी रुंद जागेत पसरलेले पाणी फार धोक्याचे. निघण्यापूर्वी तळ कोरडा आहे की नाही हे स्वतः पाहणे, प्रवाशांची संख्या स्वतः मोजणे आणि रो-रो नौकेवर वाहने दोन्ही बाजूंना समतोल लावून घेणे ही कामे कप्तानाने दुसऱ्यावर सोपवून मोकळे व्हायचे नसते.

संकटाच्या वेळी

माणूस पाण्यात पडला तर सुकाणू त्याच बाजूला वळवायचे, म्हणजे नौकेचा मागचा भाग आणि पंखा त्याच्यापासून दूर जातो. एकाने बोट रोखून त्याच्याकडे पाहत राहायचे, दुसऱ्याने तरंगणारे कडे फेकायचे. व्हीएचएफ रेडिओचा १६ वा चॅनेल संकटासाठी राखीव असतो. त्यावर ‘मेडे’ हा शब्द तीनदा उच्चारून नौकेचे नाव, ठिकाण, संकटाचे स्वरूप आणि नौकेवरील माणसांची संख्या सांगायची. संकटात माणूस घाबरतो आणि नेमके ठिकाण सांगायला विसरतो. म्हणून प्रशिक्षणात हा संदेश पुन्हा पुन्हा म्हणून घेतात. तटरक्षक दलाचा १५५४ हा मदत क्रमांक तर किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरात ठाऊक असावा.

‘आज निघायचे नाही’

दिवे, नकाशे, स्थैर्य, रेडिओ हे सर्व शिकता येते. त्याहून कठीण गोष्ट आहे ती नकार देण्याची. धक्क्यावर माणसांची रांग लागलेली असते, मालकाला आणखी एक फेरी हवी असते, प्रवासी ‘अजून दोघांना घ्या’ म्हणून गळ घालतात. त्या क्षणी ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार आणि कर्तव्य कप्तानाचे असते. कायदा त्याला जबाबदार धरतो. म्हणून निर्णयही त्याचाच असला पाहिजे.

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी नौकेवर नौदलाची वेगवान नौका आदळली आणि १५ जणांचा मृत्यू झाला. धडक प्रवासी नौकेने दिली नव्हती. मात्र तिला ८४ प्रवाशांची परवानगी असताना त्याहून अधिक माणसे तिच्यावर होती आणि अनेकांच्या अंगात जीवरक्षक जाकीट नव्हते. संकट कोठून येईल हे कप्तानाच्या हाती नसते. ते येईल तेव्हा आपली माणसे कितपत सज्ज असतील हे बऱ्याच अंशी त्याच्या हाती असते.

मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाची आठवण अद्याप ताजी आहे. हवामान खात्याने आधी इशारा दिला होता. तरीही मुंबई हायच्या तेलक्षेत्रात काही नौका राहिल्या. पी-३०५ हा बार्ज आणि वरप्रदा हा टग बुडाले आणि सत्तरहून अधिक कामगार घरी परतले नाहीत. थांबायचे की परतायचे, या निर्णयावर समुद्रात किती संसार अवलंबून असतात, हे त्या दिवसांनी दाखवून दिले. म्हणून हवामानाचा इशारा वाचणे हा अभ्यासाचा एक विषय आहे, आणि तो पाळण्याचे धैर्य ही त्या अभ्यासाची खरी परीक्षा.

शिक्षण कोठे मिळते?

क्रियाशील मच्छीमार तरुणांसाठी राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाची प्रशिक्षण केंद्रे आहेत. सातपाटी, वर्सोवा, अलिबाग आणि रत्नागिरी येथील केंद्रे किनाऱ्यावर परिचित आहेत. तेथे सहा महिन्यांच्या सत्रात मासेमारी, नौकानयन आणि डिझेल इंजिनाची देखभाल शिकवली जाते. फार मोठ्या शालेय शिक्षणाची अट नसते. मासेमारीचा अनुभव, पोहता येणे आणि मच्छीमार संस्थेची शिफारस यांना महत्त्व असते.

दहावीला गणित व विज्ञान चांगले असलेल्या मुलांसाठी कोचीची केंद्रीय मत्स्य नौकानयन व अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था आहे. १९६३ मध्ये स्थापन झालेली ही संस्था ‘सिफनेट’ या नावाने ओळखली जाते. चेन्नई आणि विशाखापट्टणम येथेही तिच्या शाखा आहेत. नौकाचालक आणि सागरी फिटर असे दोन वर्षांचे अभ्यासक्रम तेथे चालतात. अंतर्देशीय नौकांसाठी पाटण्याला २००४ पासून राष्ट्रीय अंतर्देशीय नौकानयन संस्था काम करते. आपल्या राज्यातील परीक्षा, पात्रता आणि शुल्क यांची चालू माहिती महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयातून घ्यावी.

येथे काही व्यावहारिक सूचना कराव्याशा वाटतात. नौकेवर केलेल्या सेवेचा लेखी दाखला त्या त्या वेळी घ्यावा. दहा वर्षांनंतर जुना मालक सापडत नाही. जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आधारपत्र यांवरील नाव एकच असावे. बाप्तिस्म्याचे नाव एका कागदावर आणि घरचे नाव दुसऱ्यावर, यामुळे आपल्या समाजातील मुलांचे अर्ज अनेकदा अडतात. मोठ्या जहाजावर नोकरी लावून देतो असे सांगून लाखो रुपये मागणाऱ्या मध्यस्थांपासून सावध राहावे. खलाशांची भरती करणाऱ्या कंपनीला नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो, आणि तो आहे की नाही हे पैसे देण्यापूर्वी तपासता येते.

जून आणि जुलै

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या काळात आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात, जाळी दुरुस्त होतात, आणि तरुणांच्या हाती थोडा मोकळा वेळ येतो. किल्लाबंदर, पाचूबंदर, अर्नाळा, उत्तन अशा गावांत या दोन महिन्यांत सायंकाळचे वर्ग का भरू नयेत? नियमांची चित्रे, भरतीचे तक्ते आणि जुना नकाशा एवढ्या सामग्रीवर सुरुवात होऊ शकते. निवृत्त सारंग आणि जहाजावर नोकरी केलेले आपले बांधव शिकवायला पुढे येतील. मच्छीमार संस्थांनी पुढाकार घ्यावा आणि चर्चच्या सभागृहाची दारे त्यासाठी उघडी व्हावीत, अशी आमची विनंती आहे.

जुन्या तांडेलांनीही या वर्गांना यावे. दांडा कोठे सरकला, कोणत्या वाऱ्याला खाडीच्या मुखाशी लाट उसळते, हे कोणत्याही नकाशावर वेळेवर छापले जात नाही. मुलांनी ते त्यांच्याकडून ऐकावे, वहीत उतरवावे आणि मग परीक्षेला बसावे. आपल्याच खाडीतून आपलीच माणसे ने-आण करणाऱ्या नौकेवर आपल्या गावचा मुलगा कप्तान म्हणून उभा राहिलेला पाहण्याचा योग आपल्या सर्वांना लवकर यावा, ही सदिच्छा.